तिसऱ्या ओळीतला ठिपका

“नवऱ्याचंही आणा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मंजुळाला इतका आनंद झाला की तो तोंडावर दिसू नये म्हणून ती पर्समध्ये उगाच रुमाल शोधू लागली. औरंगपुऱ्यात औषधांच्या दुकानाच्या माडीवर डॉ. नसीम फारुखींचा दवाखाना होता. खाली रिक्षावाल्यांचा कालवा चालला होता आणि वर, जाड भिंगांच्या चष्म्यातून तिच्या मानेकडे बघत, त्या पन्नाशीच्या बाई सावकाश समजावत होत्या. मानेवर जे उठतं ते बाहेरून लागणाऱ्या कशानं तरी उठतं, बहुतेक कुठल्यातरी सुगंधानं. तो कुठला हे नुसतं बघून कळायचं नाही. टिकलीएवढ्या वाट्यांमधून वेगवेगळी द्रव्यं पाठीवर चिकटवायची, दोन दिवस तशीच ठेवायची, मग काढून बघायचं, आणि आणखी दोन दिवसांनी परत बघायचं. जिथं लाल होऊन वर येईल तो चोर. “साबण, तेल, पावडर, जो भी है घर में, सगळं आणा ताई. तुम्ही लावता ते आणि मिस्टर लावतात तेही. एका घरात राहता, एका उशीवर झोपता. उनका भी तुम्हाला लागतंच की.” लागतंच की! जिना उतरताना मंजुळा ते दोन शब्द तोंडात घोळवत होती. आठ महिने झाले होते. मानेच्या डाव्या अंगाला, कानाच्या पाळीपासून खाली गळ्याच्या हाडापर्यंत, कातडी आधी तांबडी व्हायची, मग तिच्यावर बारीक पुटकुळ्या, मग त्या फुटून पिवळट लस. सकाळी उशीच्या अभ्र्याला मान चिकटलेली असायची. ती सोडवताना जो बारीक ओला आवाज व्हायचा, तो तिला शाळेत नववीच्या वर्गात मोसमी वारे शिकवतानाही मधेच ऐकू यायचा, आणि ती पदर गळ्याभोवती आणखी एक वेढा घेऊन आवळायची. डावी बाजू. पलंगावर तो तिच्या डावीकडे झोपायचा, हे तिनं डॉक्टरीणबाईंना न विचारताच सांगितलं होतं.

पडेगावला घरी जाताना बसमध्ये तिला खिडकी मिळाली. छावणीचा बाजार मागे पडला, दौलताबादच्या रस्त्याची मोठी झाडं सुरू झाली, आणि तिला वाटलं की एकवीस वर्षं जे कुणाला सांगता आलं नाही ते आता कागदावर टाइप होऊन येणार आहे, खाली डॉक्टरची सही असणार आहे. नवऱ्याची, बद्रीनाथची, तिला किळस यायची. राग यायचा असं नाही, तो नावडायचा असंही नाही, किळस यायची. राग आला असता तर कारण दाखवता आलं असतं. पण जुन्या मोंढ्यात बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान चालवणाऱ्या या माणसाबद्दल एकही माणूस वाईट बोलत नसे, आणि तीही बोलू शकली नसती. तो पीत नव्हता. त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा ती नुसती बी. ए. होती. घरच्यांनी नाकं मुरडली तरी त्यानं तिला बी. एड.ला घातलं, मुलगी आवडी पोटात होती तेव्हा तिच्या नोट्स स्वतः उतरवून दिल्या. भाऊबंदांत सगळे त्याला देवमाणूस म्हणत. आणि या देवमाणसाचा तळहात दंडाला लागला की तिच्या पोटात काहीतरी आवळून वर यायचं. तो हात ओलसर होता, मऊ, प्लास्टर काढल्यावर आतून निघणाऱ्या कातडीसारखा पांढुरका. जेवताना घास गिळला की त्याच्या घशात एक लहानसा आवाज व्हायचा. बनियनमधून खांद्यावरचे विरळ केस दिसायचे. वर्तमानपत्राचं पान उलटताना तो बोट जिभेला लावायचा, आणि नंतर ते पान तिला उचलावंसं वाटायचं नाही. लहानपणी पैठणकडे मामाच्या विहिरीचा गाळ काढत होते तेव्हा ती आठ वर्षांची होती, उत्साहानं खाली उतरली होती, आणि तिचा अनवाणी पाय त्या काळ्या कोमट गाळात घोट्यापर्यंत गेला. गाळानं पाय धरला नव्हता, तो नुसता सगळीकडून मऊ होता, बोटांच्या बेचक्यांत शिरत होता. तिनं ओरडून गाव गोळा केलं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, नवऱ्यानं पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला तेव्हा तिला तो गाळ आठवला. पण आता ओरडून गाव गोळा करण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी तो दुकानातून आला, आंघोळ करून, कानात खस अत्तराचा फाया खोचून ओट्यावर बसला. तिनं सांगितलं. तो एकदम सरळ होऊन बसला.

“माझं बी आणायला सांगितलं?”

“हो. तुम्ही लावता ते सगळं.”

“मग बरं झालं की. एकदाचं कळू दे तरी. आठ महिने नुसतं मलम मलम.” मग त्यानं विचारलं, “माझ्यापायी असंल का गं?”

“मला काय माहीत,” ती म्हणाली. आपल्या आवाजातली आशा तिला स्वतःला ऐकू आली.

त्यानं त्याच वेळी सगळं काढलं. खसचं अत्तर, जाईचं तेल, पावडरचा डबा, दाढीची क्रीम, सुगंधी सुपारी. दुकानात शेतकऱ्याला बियाण्याचा नमुना द्यावा तशा त्यानं कागदाच्या पाच पुड्या आणि बाटल्या बांधल्या, प्रत्येकीवर गोलाईदार अक्षरात लिहिलं : नमुना क्र. १, नमुना क्र. २. जमिनीवर मांडी घालून, जीभ दातांत धरून तो ते लिहीत होता आणि मंजुळा दारात उभी राहून त्याच्या मानेवरची पावडरीची ओली रेघ बघत होती. हे सुगंध त्याच्या अंगाला तिनंच आणले होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो फवारणीच्या औषधाचा वास घेऊन घरी आला आणि ती मोरीत जाऊन ओकली. त्यानं पाठीवरून हात फिरवायला म्हणून पुढे केला तशी तिला आणखी एक उलटी झाली. दुसऱ्या दिवसापासून तो घरी आल्याबरोबर आंघोळ करू लागला, मग पावडर आली, मग शहागंजातल्या कुणा अत्तरवाल्याकडून खस आलं. दर दोन-तीन वर्षांनी तो एखादी नवी गोष्ट वाढवायचा आणि तिच्याकडे बघायचा. आणि मंजुळा आपला उपाय करायची. तिच्या पर्समध्ये चपटी, हिरव्या बुचाची कोलनवॉटरची बाटली असे. निजायच्या आधी ती दोन थेंब रुमालावर आणि दोन थेंब मानेवर लावायची, डाव्या बाजूला, म्हणजे त्याचं तोंड जवळ आलं की आपल्या नाकाला आधी तो थंड, तिखट, दवाखान्यासारखा वास लागावा. त्या वासात तिला काही मिनिटं दुसरीकडे कुठंतरी असता येत असे. तो मात्र त्याचा वेगळाच अर्थ लावत होता. एकदा आनंदात त्यानं सांगितलंही होतं, “तू ते लावून येतीस ना, मला समजतं, आज मन हाय तुझं.” ते आठवलं की तिला त्याची नव्हे, स्वतःची किळस यायची, पण तेवढ्यापुरतीच. बाटली सुटली नाही. डॉक्टरीणबाईंकडे न्यायच्या पिशवीत तिनं आपला साबण टाकला, खोबरेल टाकलं, थंडीतली क्रीम टाकली. ती बाटली टाकायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. औषधाची कुणी चाचणी करतं का?

सोमवारी दवाखान्यातल्या मदतनीस साळूबाईंनी तिला उघड्या पाठीनं पालथं निजवलं. पांढऱ्या चिकटपट्टीवर ओळीनं बारीक ॲल्युमिनियमच्या वाट्या होत्या आणि साळूबाई प्रत्येकीत सिरिंजमधून गव्हाच्या दाण्याएवढं मलम सोडत होत्या. दवाखान्याची वीस द्रव्यं, त्यांच्यानंतर घरून आणलेली आठ. पट्ट्या पाठीवर दाबून बसवताना साळूबाईंचे कोरडे, खरखरीत तळवे लागत होते आणि मंजुळाला नवल वाटलं की त्या हातांचं तिला काहीच वाटत नव्हतं. “पाठीला पाणी लावायचं नाय बाई शुक्रवारपरेंत. घाम येऊ द्यायचा नाय, वजन उचलायचं नाय, खाजलं तरी हात लावायचा नाय,” साळूबाईंनी पढवल्यासारखं सांगितलं. आणि डॉक्टरीणबाईंनी आतून जोड दिली, “शुक्रवारपर्यंत घरात कुणीच सुगंधी काही लावू नका. मिस्टरांनासुद्धा सांगा.”

मिस्टरांनी ते व्रतासारखं घेतलं. तो स्वतःहून गादी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. साध्या पाण्यानं दोनदा आंघोळ करायचा, दाढी नुसत्या पाण्यानं करून गाल कापून घ्यायचा. तिला वजन नको म्हणून पहाटे टाकीचं पाणी भरायचा, कणीकही मळून ठेवायचा. ती कणीक तिनं तो दुकानात गेल्यावर गायीला घातली आणि दुसरी मळली. पलंग आख्खा तिचा होता. ती पोटावर झोपायची, दोन्ही हात दोन्हीकडे पसरून, आणि डावीकडची थंड चादर तिच्या तळव्याला लागायची तेव्हा तिला रडू येईल इतकं बरं वाटायचं. फेब्रुवारीचे दिवस होते. बाटलीची गरजही पडली नाही. फक्त एक गोष्ट तिला थोडी खटकली आणि तिनं ती मनातून बाजूला सारली. मंगळवारी संध्याकाळी तो तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायला आला, तेव्हा त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. असलाच तर ओल्या धान्याचा, लोखंडी वजनांचा, कुठल्याही कष्टाच्या माणसाला असतो तसा. त्यात नाक मुरडण्यासारखं काहीही नव्हतं. आणि तरी, तांब्यावरची त्याच्या बोटांची वाफ दिसली तेव्हा तिनं तांब्या खाली ठेवायला सांगितला.

त्याच दिवशी पाठीवर एका जागी खाज सुटली. उजव्या खांद्याच्या पात्याखाली, एका टिकलीएवढ्या जागेत, आत निखारा ठेवल्यासारखी. हात लावता येत नव्हता. वर्गात फळ्याकडे तोंड करून नकाशा काढताना ती त्या जागेकडे सगळं लक्ष देऊन उभी राहायची. तो ठिपका तिला आवडू लागला होता. तो खसचा असेल. सुपारीचा असेल. नाहीतर जाईच्या तेलाचा, ते तर तिला सुरुवातीपासून सहन होत नव्हतं. बुधवारी साळूबाईंनी पट्ट्या काढल्या, निळ्या पेनानं प्रत्येक जागेभोवती खुणा केल्या. डॉक्टरीणबाईंनी भिंग धरून बघितलं, काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “आज नहीं बोलूँगी. कधी कधी खोटं लाल होतं, नंतर मावळतं. जुम्मे को पक्का.” मंजुळाला शुक्रवारपर्यंत दम निघेना. घरी तिनं दोन आरसे धरून बघायचा प्रयत्न केला, पण कपाटाच्या आरशात दिसली ती सुजल्यासारखी, पट्ट्यांच्या चिकट मळानं चौकटी पडलेली, निळ्या रेघांची एक पाठ, आणि आंघोळीवाचून तिसऱ्या दिवशी तिच्यातून तिचाच आंबूस वास येत होता. ही आपली आहे यावर विश्वास बसेना. मग तिनं बद्रीनाथला हाक मारली. एकवीस वर्षांत तिनं त्याला आपली पाठ आपणहून कधी दाखवली नव्हती. ती भिंतीला तोंड करून बसली, पदर समोर गच्च धरून.

“हात लावू नका. नुसतं सांगा, कुठं लाल आहे.”

त्यानं दिवा लावला आणि वाकून एकेक ओळ बघत गेला. त्याच्या श्वासाची ऊब पाठीवर येत होती आणि ती दात दाबून बसली होती.

“तिसऱ्या ओळीत हाय. खालून दुसरा. लई लालभडक झालाय गं, फोडच आलाय की.”

“बाकी?”

“बाकी साफ दिसतंय समदं. तो माझ्यातला हाय का? माझे नंबर कोणते?”

“शेवटच्या ओळीतले असतील. साळूबाई मधेच पट्टी फिरवत होत्या, मला कळलं नाही.”

“माझ्यातलाच असंल,” तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “माझ्यापायी तू आठ महिने... मला वाटलं होतं, तुला बरं वाटावं म्हणून लावतोय.” ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. त्या क्षणी ती वळली असती, तर कदाचित तिला त्याची दया आली असती. म्हणून ती वळली नाही.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. त्याच्यावर आकडे होते आणि प्रत्येकापुढे वजाबाकीची खूण, एकाच आकड्यापुढे दोन अधिक. “मुबारक हो, मिस्टर का कुछ नहीं,” त्या म्हणाल्या. “पाचही साफ. तुमचा साबण, तेल, क्रीम, तेही साफ. हे जे आलंय ना, हे आमच्या वीसमधलं आहे. यात सात-आठ सुगंधी द्रव्यं एकत्र केलेली असतात, कारखान्यात सेंट बनवायला वापरतात ती. त्यातलं एखादं तुम्हाला आता सोसत नाही, वर्षानुवर्षं वापरलेलंही कधीतरी अचानक लागायला लागतं. पण ते तुम्ही आणलेल्या कशातच नाही. मग मानेला लागतं कुठून? काय आणलं नाही तुम्ही?” मंजुळा कागदाकडे बघत होती. नमुना क्र. १, उणे. नमुना क्र. २, उणे. तिच्या डोक्यात वर्गातल्यासारखा गलका सुरू झाला. त्या बाईंचं काहीतरी चुकलं असणार, साळूबाईंनी वाट्या बदलल्या असणार. त्या पाठीचीच तिला किळस आली, इतकी वर्षं आतून ओरडत असलेली ती कातडी ऐन साक्षीच्या वेळी पलटली होती. मग तिनं पर्स उघडली आणि हिरव्या बुचाची बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी बूच उघडून हुंगलं.

“हे मानेला लावता?”

“हो.”

“रोज?”

“रोज नाही. म्हणजे, रात्री.”

“रात्री कशाला?”

“झोप येत नाही,” मंजुळा म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं, जरुरीपेक्षा एक क्षण जास्त, पण आणखी काही विचारलं नाही. खात्री करायची तर हाताच्या लवणीत, कोपराच्या आतल्या बाजूला, याचा एक थेंब दोन दिवस लावून बघा, पुरळ येईल, म्हणाल्या. आणि बाटली बंद करा. तीन आठवड्यांत मान स्वच्छ होईल. “और मिस्टर को बोलना, अत्तर लगाओ आराम से. बेचारे घाबरले असतील.”

तो खाली स्कूटर लावून उभा होता. तिला येताना बघून त्यानं स्टँड काढायचंही सोडलं, नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. भाजीची गाडी मधे आली, ती जाईपर्यंत दोघं दोन बाजूंना थांबले. त्या चार-सहा क्षणांत तिनं काही ठरवलं नाही. आयुष्यभर तिला हे स्वतःला पटवून द्यायचं होतं, की ठरवलं नव्हतं.

“काय निघालं?”

“तुमचंच,” ती म्हणाली. “सगळं मिळून. अत्तर, तेल, सगळंच. आणि नुसतं ते लावणं नाही. वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं असतं म्हणे. जवळ यायचं नाही असं सांगितलं.”

त्यानं मान हलवली. कागद मागितला नाही. इंग्रजी कागद तो नेहमी तिच्याकडूनच वाचून घ्यायचा. घरी जाताना पूर्ण रस्ताभर तो सीटच्या टोकाला, हँडलवर चढून बसल्यासारखा बसला होता, पाठ तिला लागू नये म्हणून.

रविवारी तिच्या हाताच्या लवणीत, जिथं तिनं गुपचूप थेंब लावला होता, तिथं लाल चट्टा उठला आणि त्यात पुटकुळ्या आल्या. तिनं बाटली मोरीत ओतली. मान भरत गेली. आधी लस थांबली, मग खपली धरली, मग खपलीखालून गुलाबी नवी कातडी आली. होळीपर्यंत तिथं बोट फिरवलं तर काही झालं होतं हे कळूही नये. शाळेत मुख्याध्यापिका म्हणाल्या, बाई, चेहरा किती उजळला तुमचा. बाहेरच्या खोलीत बद्रीनाथची गादी कायमची पडली. अत्तराच्या बाटल्या त्यानं दुकानातल्या हमालाला देऊन टाकल्या. घरात शिरताना तो दारातून विचारायचा, “येऊ का?” ताट घेताना हात लांब करायचा. भाऊबंदांत, गिऱ्हाइकांत, ज्याला त्याला सांगायचा, “माझ्या शौकापायी लई भोगलं हिनं.” हे तिनं मागितलं होतं. हे सगळं मिळालं होतं, आणि स्वच्छ चादरीवर आडवी झाल्यावर तिला तेच ते पोटातलं आवळणं जाणवायचं. आता त्या आवळण्याला स्पर्श लागत नव्हता, वास लागत नव्हता. बाहेरच्या खोलीत तो कूस बदलताना गादीचा आवाज झाला तरी पुरायचा. त्याची ती नम्रता, तो लांब केलेला हात, ते “येऊ का”, हे सगळं त्या गाळासारखंच मऊ होतं, सगळीकडून. त्यानं एकदा ओरडावं, भांडं आपटावं, असं तिला वाटायचं. म्हणजे तिला टेकायला काहीतरी कठीण मिळालं असतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी, तो नेहमीपेक्षा लवकर, ऊन असतानाच घरी आला. त्यानं “येऊ का” विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली होती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

“डॉक्टरीणबाई आल्या होत्या दुकानात. त्यांच्या गुलाबांवर मावा पडलाय, त्याचं औषध पायजे होतं.”

तिचा हात थांबला.

“मला ओळखत नव्हत्या. मीच सांगितलं, मंजुळाबाईचा मालक मी, तवापासनं अत्तर सोडलं. म्हणल्या, अत्तर का लावत नाही आता? तुमचं तर काहीच निघालं नव्हतं.” तो एकसुरात, हिशेबाचं बोलावं तसं बोलत होता. “मी म्हणलं, असंल, माझ्या ध्यानात राहिलं नाय. हसण्यावारी नेलं. अन् दुकान बंद करून आलो.”

“मी सांगणार होते,” मंजुळा म्हणाली, आणि हे वाक्य ऐकून तिला स्वतःलाच शिसारी आली. दोन महिने. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. आपण शिक्षिका आहोत, पोरींना आपण रोज खरं बोला म्हणून सांगतो, असलं काहीतरी निरर्थक डोक्यात येऊन गेलं. “मला किळस येते,” ती म्हणाली.

“वासाची?”

“नाही.”

त्याला कळायला वेळ लागला नाही. तिला वाटलं होतं, लागेल.

“कधीपासनं?”

“पहिल्यापासून.”

“मी काय केलं होतं?”

“काही नाही. तुम्ही कधीच काही केलं नाही. मी खूप शोधलं.”

बाहेर रस्त्यावरून मेंढरांचा कळप चालला होता, धुरळा खिडकीत येत होता. आता तो रडेल, असं तिला वाटलं. रडेल, मग माफी मागेल, दोष स्वतःकडे घेईल, आणि ते तिला सोसायचं नाही. पण त्याच्या कपाळावर दोन आठ्या आल्या, गणित जमत नसावं तशा.

“मग आवडी?”

“त्यांचं काय?” ती म्हणाली, मुलीचं नाव ऐकून जीभ अडखळली तिची. “तिचं काय?”

“आवडी झाली. तिच्या आधी, नंतर, इतकी वर्षं. तवा तू काय करीत होती?”

“जाऊ द्या ना.”

“सांग.”

“डोळे मिटून घेत होते,” मंजुळा म्हणाली. “शंभरपासून उलटे आकडे म्हणत होते.”

त्यानं आपले दोन्ही तळहात वर केले, उजेडाकडे धरले आणि त्यांच्याकडे पाहिलं, कुणीतरी त्यांच्यात काही ठेवून गेल्यासारखं.

“एकदा तोंडातून शब्द काढला असता, तर मी बोट लावलं असतं का गं?” तो हळू म्हणाला. “जनावराला तरी कळतं. मला का नाय कळू दिलं? मला वाटायचं, लाजतीस. एकवीस वरसं मी एका... आन् तू आकडे म्हणत होती.” त्यानं हात खाली सोडले. “मला काय करून ठेवलं तू?”

तो परसात गेला. तिथं भांडी घासायच्या दगडावर राखेची वाटी होती. त्यानं राख घेतली आणि हात घासायला लागला, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं, कोपरापर्यंत. मोठमोठ्यानं पाणी ओतत होता. मंजुळा खिडकीतून बघत होती. हे तिनं कधीच कल्पिलं नव्हतं. आपलं खरं एक दिवस बाहेर पडेल, तेव्हा तो दुखावेल, कोसळेल, कदाचित आवडीला बोलावून घेईल, कदाचित हाकलूनही देईल, हे सगळं तिनं अनेकदा मनात घडवून पाहिलं होतं. त्या सगळ्यांत किळस येण्याचा हक्क फक्त तिचा होता. तो पंच्यानं हात पुसत वळला आणि त्याची नजर खिडकीवर गेली. त्याचा वरचा ओठ एका बाजूला ओढला गेला, नाकपुडी मिटली, गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली आली. कुणीही पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं की या माणसाच्या पोटात ढवळतंय आणि तो ते मोठ्या कष्टानं आत धरून आहे. मंजुळाला ते आतून पाठ होतं, ते कसं दिसतं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिचा हात आपसूक पदराकडे गेला. पदर जागेवरच होता. तरी तिनं तो आणखी ओढून घेतला, आणि तेवढ्यानंही झाकलं गेल्यासारखं वाटेना.

तो आत आला. ती दारातच उभी होती.

“जेवायचं?”

“झाकून ठेव. मी घेईन माझ्या हातानं.”

त्याला बाहेरच्या खोलीत जायचं होतं आणि वाट तिच्याजवळून होती. तो तीन पावलांवर थांबला.

“सरक,” तो म्हणाला.

ती भिंतीला लागून सरकली. एक माणूस सहज जाईल एवढी जागा झाली. तरी तो थांबूनच राहिला, ती आणखी सरकेपर्यंत.